अण्णाराव डॉक्टरांचं पुस्तक

देवणीतल्या सरकी-पेंडीच्या दुकानाचे मालक संगमेश्वर यांनी आयुष्यात फार थोड्या फुशारक्या मारल्या, आणि त्यातली प्रत्येक त्यांच्या अंगाशी आली. या वेळची त्यांनी जेवता जेवता मारली, दुसऱ्या भाकरीवर.

"महामाया सोमवारी उदगीरला जानार," सुकन्याबाई म्हणाल्या. लेकीला तिथं ढोरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. "अप्पांचं पुस्तक तिच्या बॅगेत घालावं मनते. आजोबाचं नातीला."

अप्पा म्हणजे सुकन्याबाईंचे वडील, उमरीचे अण्णाराव डॉक्टर. जन्म गुरांच्या औषधपाण्यात गेला. त्यांनी 'देवणी गाईबैलांची निगा' असं एक छोटं पुस्तक लिहून छापलं आणि मागेल त्याला वाटलं. इतकं वाटलं, की घरात एकही उरलं नाही. अप्पांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

"एवढंच ना? सोमवारच्या आत आणतो!"

"मंग आपल्या वाचनालयात बगा की आधी."

"तिथं न्हाई," संगमेश्वर इतक्या घाईनं म्हणाले, की त्यांना ठसका लागला.

(तिथं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तिथलं पुस्तक त्यांनीच नेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, सुकन्याला पाहायला जायच्या आधी. मुलीचा बाप लेखक, तेव्हा त्याचीच चार वाक्यं पाठ करून जावं, म्हणून. घरचे हसतील या भीतीनं त्यांनी ते लाल फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवलं आणि लग्नाच्या गडबडीत ते जे गेलं ते गेलंच. तेव्हापासून पोस्टात जायचं झालं तरी हे गृहस्थ वाचनालयाची गल्ली चुकवून बसस्टँडकडून जातात.)

आधी लातूरचं वाचनालय झालं. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं. "काका, ससेपालन हाय. देऊ का?"

"अवो, देवणी बैल पायजे."

"ससा काय जनावर न्हाई?"

मग उमरी. तिथल्या वाचनालयाचं कपाट उघडलं तर वाळवीनं आतलं सगळं खाऊन नुसता पुठ्ठा ठेवला होता. पुठ्ठ्यावर सासऱ्यांचं नाव तेवढं शाबूत होतं. ते वाचून संगमेश्वरांना फार वाईट वाटलं.

शेवटी नांदेड. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालानं शिंकत शिंकत दोन तास धूळ उपसली. "आमच्याकडं न्हाई. पन मला याद हाय, खुद्द लेखकानं एक प्रत देवणीच्या वाचनालयाला दिल्ती. तुमचं गाव कोनतं मनले?"

"नायगाव," संगमेश्वर म्हणाले आणि तडक निघाले.

रविवारी दुपारी रिकाम्या हातानं घरी आले, तर सुकन्याबाई दारातच उभ्या होत्या.

"तुमी गावं पालथी घालून राहिले, मनून मी आपल्या वाचनालयात जाऊन आले. बालाजीभाऊनं जुनं रजिस्टर काढलं. पुस्तक कोन नेलं ते सांगू?"

संगमेश्वर पायरीवरच बसले. सगळं सांगून टाकलं. "तुज्या अप्पाचं पुस्तक माज्या हातून हरवलं, सुकन्या. तुला सांगायला तोंडच नव्हतं."

सुकन्याबाई चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या शेजारी येऊन बसल्या.

"अप्पांना तवाच कळलं होतं. तुमी गेल्यावर लई हसले. मनले, पोरगं माजीच वाक्यं मला ऐकवून गेलं, स्वल्पविरामासकट! पन पोरगी द्यायची ती इथंच. एवढी खटपट कोन करतं?"

संगमेश्वरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षं त्यांना वाटत होतं, की आपण सासऱ्याला फसवलं.

"फडकं कसलं मनले?" सुकन्याबाईंनी अचानक विचारलं.

"लाल."

त्या उठल्या ते थेट देवघरात. देवामागं लाल फडक्यातली पोथी होती. ती संगमेश्वरांच्या आईनं, शरणम्मानं, ठेवलेली. जाताना सुनेला बजावून गेली होती, "पोथीची गाठ सोडायची न्हाई, रोज फूल वाहायचं." म्हातारीला अक्षरओळख नव्हती. लेकाच्या उशाखाली लाल फडक्यात काय असणार, पोथीच!

गाठ सुटली. विभूती, सुकलेली बेलाची पानं, आणि आत 'देवणी गाईबैलांची निगा'. संगमेश्वर रोज सकाळी दुकानाला जाताना याच पोथीवर डोकं टेकवत आणि बहुतेक वेळा हेच मागत, की ते पुस्तक तेवढं सापडू दे.

"काखेत कळसा अन् नांदेडला वळसा," सुकन्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर अप्पांचं अक्षर होतं: 'देवणीच्या वाचकांना सप्रेम.' त्यावरून हात फिरवत त्या मनसोक्त रडल्या. उद्या बालाजीभाऊला पुस्तक परत करायचं आणि त्याआधी महामायेला झेरॉक्स काढून द्यायची, असं ठरलं.

महामाया कौतुकानं पानं उलटत होती. ती मध्येच थांबली.

"बाबा, बाराव्या पानापुढची पानं तर छापखान्यातून आली तशी जोडलेलीच हायत. कुनी कापलीच न्हाईत!"

संगमेश्वर देवाकडं बघू लागले. सुकन्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या पुस्तकात डोकावल्या.

"तरीच अप्पा मनायचे, जावई शिंगांपर्यंत लई झ्याक बोलला. उरलेल्या बैलाचं इचारलं, की पानी मागत होता!"