तारीखसाहेबांचं विमान

तारीखसाहेबांनी निवृत्तीनंतर एक जुनं, दोन माणसांचं विमान विकत घेतलं, आणि घेताना कागद बघितले नाहीत. दुसऱ्या कुणी हा गाढवपणा केला असता तर ठीक होतं हो! पण या गृहस्थांनी विमान-नोंदणीच्या खिडकीत बत्तीस वर्षं काढलेली. "तारीख बघितली का?" असं विचारून भल्याभल्यांना परत पाठवलं, म्हणून तर हे नाव पडलं.

विकणारे म्हातारे वैमानिक म्हणालेही होते, "साहेब, आधी कागद बघून घ्या."

"मला कागद शिकवता?" असं म्हणत साहेब विमानाच्या पंखावरून हात फिरवत राहिले.

रविवारी बायकोला घेऊन पहिलं उड्डाण ठरलं. उडवायचा परवाना साहेबांनी आधीच काढलेला होता. बघायला मेहुणी सहकुटुंब येणार होती. गुरुवारी धावपट्टीवरच्या मेकॅनिकने कागद चाळले. "साहेब, नोंदणी संपून सहा वर्षं झाली. हे उडवता यायचं नाही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुणीपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "रविवारचं रद्द करू. वारा बरा नाही."

बायकोने खिडकी उघडली. "पान हलत नाहीये."

"माझा कान दुखतोय."

"कुठला?"

साहेबांनी दोन्ही कानांना हात लावला आणि तिथेच पकडले गेले. सगळं ऐकून बायको एवढंच म्हणाली, "चला ऑफिसात. मी पण येते."

आपल्याच जुन्या खिडकीसमोर, रांगेत सातवे उभे राहताना साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत त्यांनीच तयार केलेली क्लार्क बसली होती. तिने कागद घेतले आणि सवयीने विचारलं, "तारीख बघितली का?" मग वर बघून जीभ चावली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिने जुनी फाइल काढली. नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या दिवशी, खिडकी बंद झाल्यावर चार मिनिटांनी आला, म्हणून नाकारला होता. खाली लांब शेपटीची सही होती. साहेबांनी ती ओळखली. बायकोनेही ओळखली. पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर तीच तर असायची!

"अर्जात हा रकाना भरा साहेब. 'नोंदणी संपण्याचं कारण.' तुम्हीच सुरू केलेला आहे."

साहेबांनी बराच वेळ पेन तोंडात धरलं. मग लिहिलं, 'संबंधित अधिकाऱ्याचा आडमुठेपणा.'

क्लार्कने वाचलं. "नुसतं लिहून चालत नाही ना. त्या अधिकाऱ्याचं कबुलीपत्र जोडावं लागतं. हाही तुमचाच नियम."

साहेबांनी खाली मान घालून तेही लिहिलं. क्लार्कने फाइलमधली सही आणि ही सही शेजारी ठेवून बघितली. "जुळतात. तीन आठवडे लागतील. आता एक साक्षीदार हवा. अधिकाऱ्याचा स्वभाव जवळून माहीत असलेला."

"कुठे सही करू?" बायकोने पर्समधून पेन कधीच काढलं होतं.

सही ठोकून ती बाहेर आली. मागून साहेब आले, चोरासारखे. तिने बहिणीला फोन लावला. आता काय ऐकायला लागतंय म्हणून साहेब जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"अगं, रविवारी येऊ नका," ती म्हणाली. "नाही गं, विमान अगदी छान आहे. वारा बरा नाहीये."