शून्यापासून मोजलेले धडे

प्रोग्रामिंगचे अगदी पहिल्या पायरीपासूनचे एकशे चाळीस धडे सरांनी ऑनलाइन चढवले, तेव्हा पडद्यात डोकं खुपसून खुपसून त्यांची मान दोन बोटं लांब झाली होती, असं त्यांची बायको अजून शपथेवर सांगते. युक्ती मोठी झकास होती. उत्तर बरोबर आलं की विद्यार्थी आपोआप पुढच्या धड्यावर, चुकलं की मागच्या, सोप्या धड्यावर. आज दुपारी संचालक मंडळाने मंजुरी दिली की सर विभागप्रमुख. नाही दिली तर आहेच वर्ग आणि घसा.

सकाळी प्राचार्यबाई स्वतः तपासायला बसल्या. वीस वर्षं त्यांनी हाच विषय शिकवला होता. थेट साठाव्या धड्यापासून सुरुवात केली आणि पाऊण तासात घसरत घसरत पहिल्यावर आल्या. पडद्यावर आलं, ‘घाबरू नका. याला माउस म्हणतात.’

“सर, मला माउस शिकवताय?”

“बाई, तुमचं एखादं उत्तर चुकलं असेल...”

“माझं? हे घ्या, आता न वाचताच दाबते!” बाईंनी रागारागाने प्रत्येक प्रश्नाला दुसरा पर्याय दाबायचा सपाटा लावला. एक, दहा, पन्नास धडे सरसर पार! शेवटी पडद्यावर फुलं उधळली गेली. ‘अभिनंदन! तुम्ही तज्ज्ञ आहात.’

सरांनी घाईघाईने उत्तरसूची उघडली. प्रोग्रामर लोक शून्यापासून मोजतात. सरांच्या तर हे इतकं अंगात मुरलेलं की जिन्याच्या पहिल्या पायरीलाही ते शून्य म्हणत. प्रत्येक बरोबर उत्तर त्यांनी तिसऱ्या जागी ठेवलं होतं आणि उत्तरसूचीत सवयीने ‘दोन’ लिहिलं होतं. तपासणारं यंत्र मात्र साध्या माणसांसारखं एकपासून मोजत होतं आणि दुसऱ्या पर्यायालाच बरोबर ठरवत होतं.

“दहा मिनिटांत दुरुस्त करतो, बाई.”

“खबरदार हात लावाल तर! संचालकांना यातलं ओ की ठो कळत नाही. खरी परीक्षा घेतलीत तर सगळे माउसवर येतील आणि चिडून तुम्हाला हाकलतील. असंच दाखवा.”

दुपारी बाई प्रत्येकाच्या खुर्चीमागे जाऊन गोड आवाजात म्हणाल्या, “अडलं तर दुसरं दाबा हं.” सगळ्यांचं पहिल्याच प्रश्नाला अडलं. अर्ध्या तासात सातही संचालक तज्ज्ञ झाले. एकमेकांचे हात हातात घेऊन झाले, अभ्यासक्रम एकमताने मंजूर झाला. सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात अध्यक्ष खाकरले.

“विषय अगदीच सोपा निघाला हो. यासाठी वेगळा विभागप्रमुख कशाला? उद्यापासून मीच बघतो. सर, तुम्ही माझ्या हाताखाली राहा. काही अडलं तर विचारा, लाजू नका.”