‘नाही’वर खूण करा

मतपत्रिकेवरचे प्रस्ताव समजून घेणं म्हणजे माझ्या हातचा मळ. एकतीस वर्षं बियाण्यांच्या दुकानात मी फवारणीच्या डब्यांवरची बारीक अक्षरं गिऱ्हाइकांना वाचून दाखवली आहेत. त्यामुळे मे महिन्यातल्या प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिका टपालाने आल्या, तेव्हा मी बायकोला, जोलीनला, सांगून टाकलं की यंदा अख्ख्या गल्लीला मीच मार्गदर्शन करणार. ती म्हणाली, आधी सरकारने पाठवलेली माहितीपुस्तिका तरी पुरती वाच.

कोणत्या पक्षातर्फे कोण उभं राहणार, हे ज्याचं तो ठरवेल. खरा पेच प्रस्ताव एकशे चाळीसचा. आमच्यासारख्या आडगावांना रुग्णवाहिका देणारा कायदा राज्याने केला होता. तो रद्द व्हावा म्हणून काहींनी सह्या गोळा केल्या आणि प्रकरण मतदानाला आलं. आमचा दवाखाना सत्तर मैलांवर, गाडी तर टिकलीच पाहिजे. मी पुस्तिकेचं पहिलं पान वाचलं आणि हिशेब केला: सह्यावाल्यांना विरोध करायचा, म्हणजे ‘नाही’.

मग काय विचारता! गॅरेजात बैठक घेतली. चौदा माणसं आली. मी तासभर बोललो. नऊ पाट्या रंगवल्या, वर रुग्णवाहिका आणि खाली ठसठशीत ‘नाही’, आणि गल्लीभर रोवल्या. माझी मतपत्रिका तर भरून, पाकीट चिकटवून, सही ठोकून तयार होती.

दोन दिवसांनी समोरच्या वेर्नाबाई काठी टेकत आल्या. जन्मभर शाळेची बस चालवलेली, मोजकं बोलणारी बाई. काठीचं टोक त्यांनी पाटीवर टेकवलं.

“लॉइड, माझ्या नवऱ्याला, क्लिफर्डला, त्याच गाडीने वेळेवर पोचवलं, म्हणून आज तो घरात बसून माझ्याशी भांडतोय. त्या गाडीने तुझं काय घोडं मारलंय रे?”

मी समजवायला लागलो. त्यांनी पुस्तिकेचं नववं पान उघडून माझ्यापुढे धरलं. ‘होय’ म्हणजे कायदा राहील. ‘नाही’ म्हणजे कायदा जाईल.

चौदा मतं मी स्वतःच्या हाताने बुडवली होती. पाट्या उपटल्या आणि माफी मागत दारोदार निघालो. पहिलं दार म्हाताऱ्या मर्लचं. त्याने शांतपणे सांगितलं की त्याने ‘होय’वरच खूण केली आहे, पुस्तिका त्यालाही आली होती. दुसऱ्या दारी तेच. चौदाही जणांकडे तेच.

“मग तासभर गप्प का बसलात?” मी शेवटच्या दारी विचारलं.

“तू इतका जीव तोडून बोलत होतास,” त्या घरातली माणसं म्हणाली, “मध्ये तोडणं बरं दिसेना.”

म्हणजे गल्लीत चुकीचं मत एकच, आणि ते माझ्या फ्रिजवर पाकिटात बंद! वेर्नाबाईंनी गाडी काढली आणि मला चाळीस मैलांवरच्या निवडणूक कचेरीत नेलं. तिथल्या मुलीने जुनी मतपत्रिका रद्द करून नवी दिली. असं पुष्कळांचं होतं, म्हणाली, आणि हसली नाही. त्या न हसण्याचे उपकार मी विसरणार नाही. परतताना वेर्नाबाईंचे आभार मानायला लागलो. त्या म्हणाल्या, पट्टा नीट लाव.

कायदा टिकला. आपलं कोणी ऐकत नाही, याबद्दल मी हल्ली रोज देवाचे आभार मानतो. जोलीन म्हणते, मग माझेही मान, मी तर लग्न झाल्यापासून ऐकत नाहीये.