हिलालआबांची एक्सप्रेस

एक्सप्रेस यायला दहा मिनिटं उरली की हिलालआबा आरशासमोर उभे राहत. ओल्या हातानं केस चापून बसवत, टोपी सरळ करत, मिशीला पीळ देत. गाडी आमच्याकडे थांबणार नाही, धुरळा उडवत निघून जाणार, हे त्यांना चांगलं ठाऊक असे. तरी नटणं कधी चुकलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी सुरत-भुसावळ लाइनवरच्या एका जुन्या स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. आबा तिथले पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. तेव्हा तिथे एकेरी रूळ. पुढची लाइन मोकळी असल्याचा परवाना म्हणजे एक लोखंडी गोळा. तो वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत घालायचा आणि कडं उंच धरून प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं राहायचं. डिझेल एंजिन धडधडत आलं की ड्रायव्हर हात बाहेर काढून कडं दंडात अडकवून घेई. चुकलं, तर एक्सप्रेसला ब्रेक.

आबांच्या हातून ते कधी चुकलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. "एक्सप्रेसले सुरत-बिरत मंग," म्हणायचे, "पहिले मना हात!" उजव्या हातानं ते बादली उचलत नसत. धरणगावच्या बाजारातून वांग्यांची पिशवीसुद्धा डाव्या हातात. "हाऊ हात एक्सप्रेसना शे." मालगाडीला कडं द्यायला दुसऱ्या कोणाला पाठवत. तापानं फणफणले तरी गोधडी पांघरून येत, कडं देत आणि परत जाऊन झोपत. मी एकदा हौसेनं कडं उचललं, तर त्यांच्या ताटात हात घातल्यासारखे धावून आले.

बायको लवकर गेली होती. सुमनला, एकुलत्या एका लेकीला, त्यांनी एकट्यानं वाढवलं. वेणीफणीसुद्धा स्वतः केली. तिचं लग्न जळगावला झालं, सासर सुरतेचं. वऱ्हाड त्याच दिवशी ह्याच, चारच्या एक्सप्रेसनं निघणार होतं. आबांना मी हक्कानं रजेवर पाठवलं होतं. तर दुपारच्या पॅसेंजरमधून आबा उतरताहेत, कपाळाला अक्षता चिकटलेल्या!

"आबा, पाठवणी?"

"अक्षता पडन्यात ना? मंग! एक्सप्रेसले गोया कोन देई?"

मला खरंच राग आला. लेकीला निरोप द्यायला बाप नाही म्हणजे काय! चांगलंच सुनावलं. मग जरा नरमून म्हणालो, "सिग्नल एक मिनिट रोखतो. गाडी थांबेल, तिला भेटून घ्या."

आबा उसळलेच. "मनी एक पोरसाठे बठ्ठी गाडी थांबाडशात? आपला स्टेशनवर एक्सप्रेस थांबाव नही!"

सिग्नल पडला. लांबून भोंगा ऐकू आला. आबा कडं उंच धरून उभे राहिले. एकदम वळून त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं.

"धरा, मास्तर. पाठवणीले उभं राह्यानं माले जमनं नही, म्हनीसन पयी ऊनू. पन आते तिले देखाले पाहिजे."

आबा पाठवणीपासून पळून आले होते तर! माझी पाचावर धारण बसली. एंजिन अंगावर आलं, दंडाला असा हिसका बसला की खांदा निखळला असं वाटलं. पण कडं गेलं. डबे खडखडत निघून गेले, गार्डाचा झेंडा दिसेनासा झाला. आबा रुळांकडे तोंड करून तसेच उभे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "रडत व्हती का ती? मना डोया भरी ऊनात. माले काहीच दिखनं नही."

मी ड्रायव्हरच्या हाताशिवाय काहीही पाहिलं नव्हतं.

"हसत होती, आबा. दारात उभी राहून तुम्हाला हात करत होती."

"दारम्हा?" आबा ओरडले. "चालती गाडीना दारम्हा! भलती नादान पोर शे!" आणि टोपीनं डोळे पुसत ते पोटभर हसले.