चिचुंद्रीचं पिल्लू आणि नळीचं माप

एका जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर होती. कुठलं जंगल ते विचारू नका, बाळांनो. सांगितलं तर तिथले अधिकारी मला खुलासा द्यायला बोलावतील.

जंगलाच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम साळूबाईकडे होतं. काटे घरचेच, त्यामुळे सुया मागवायची कटकट नाही. आधी ती आलेल्याचा पंजा हातात धरून ऊब द्यायची. मग इकडचं तिकडचं विचारता विचारता टुचकन टोचायची. पहिला थेंब पुसून टाकायची, दुसरा काचेवर घ्यायची आणि भिंगाला डोळा लावायची. हिवताप असला तर आहे म्हणायची, नसला तर घरी जा म्हणायची. चौदा वर्षांत तिचं एकदाही चुकलं नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पण सिंहमहाराजांना सुधारणेची हौस आली. त्यांनी तरसरावांना सुधारणा-अधिकारी नेमलं. रक्ताशी तरसरावांचा संबंध फक्त जेवणापुरता होता.

तरसरावांनी एक भलंमोठं यंत्र आणलं. त्यात रक्ताची नळी ठेवायची. मग यंत्रच नळीवरची चिठ्ठी वाचणार, नळी हलवणार, टोपण काढणार आणि निकाल छापणार.

"कुणाचा हात लागायला नको!" म्हणत तरसराव हसले. ते तसेही सारखे हसतच असायचे.

साळूबाईने नळी हातात घेऊन पाहिली. चांगली मुळ्याएवढी जाड होती.

"साहेब, ही गव्याला ठीक आहे. उंदराला कशी पुरायची?"

"बाई, माप ठरलेलं आहे. उंदरांनी जुळवून घ्यावं."

दुसऱ्याच दिवशी चिचुंद्री धावत आली. पोटाशी पिल्लू होतं, तापाने फणफणलेलं.

"साळूमावशी, तीन दिवस झाले गं! वैद्यबुवा म्हणतात, हिवताप आहे का ते कळल्याशिवाय काढा देणार नाही. आणि हे काही संध्याकाळपर्यंत टिकत नाही." ती रडायलाच लागली.

साळूबाईने काटा उपसला. तरसराव आडवे आले.

"हाताने तपासणी बंद! महाराजांचा हुकूम आहे."

काय करणार? साळूबाईने पिल्लाला टोचून एक थेंब जाड नळीत सोडला. तो वरच कुठेतरी चिकटून बसला. यंत्राने घरघर केली आणि छापलं, "रक्त अपुरे. आणखी वीस थेंब द्या."

"वीस?" साळूबाई ओरडली. "अख्खं पिल्लू पिळलं तरी निघायचे नाहीत!"

तरसरावांनी एक बारीक नळी मागवली. साळूबाईने दुसरा थेंब तिच्यात घेतला. पण आता चिठ्ठी मोठी आणि नळी लहान. चिठ्ठी लावली की नळीच दिसेना, यंत्र ती धरीना.

"मग चिठ्ठी पिल्लाला लावा," तरसराव म्हणाले. "नाव त्याचंच आहे ना?"

एवढं बोलून त्यांनी स्वतःच चिठ्ठीला जीभ लावली, पिल्लाच्या पोटावर चिकटवली आणि यंत्राला वाचता यावी म्हणून पिल्लू समोर धरलं.

यंत्राने चिठ्ठी वाचली. पिल्लू बरोबर मुळ्याएवढं होतं. यंत्राने ते उचललं आणि नियमाप्रमाणे दहा वेळा उलटसुलट केलं. चिचुंद्रीने किंकाळी फोडली. मग यंत्राचा दुसरा हात टोपण काढायला खाली आला. बाळांनो, पिल्लाला टोपण नव्हतं. टोपणाच्या जागी डोकं होतं.

साळूबाईचं डोकं फिरलं. तिने पाठीवरचा सगळ्यात जाड काटा उपटला आणि यंत्राच्या चाकात खुपसला. कर्रर्र झालं आणि यंत्र थांबलं. थांबता थांबता त्याने एक चिठ्ठी छापली, "नमुना हलत आहे. आधी शांत करा."

साळूबाईने पिल्लू सोडवून ओंजळीत घेतलं. पंजा गरम करायची गरज नव्हती, तो भाजतच होता. तिने टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा काचेवर घेतला.

"हिवतापच आहे. पळ, काढा घे!"

पिल्लू वाचलं. चौथ्या दिवशी ते आईचा कान चावत होतं.

तरसरावांनी महाराजांना अहवाल पाठवला, "यंत्राची पहिली तपासणी यशस्वी. नमुना अद्याप जिवंत." खाली नवा नियम जोडला, की नळीपेक्षा लहान प्राण्यांनी आजारी पडण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. आणि साळूबाईला चाक बिघडवल्याबद्दल यंत्र पुसायच्या कामावर लावलं.

आठवड्याने दवाखान्याच्या मागच्या दाराशी कुणीतरी कण्हत होतं. साळूबाईने दार उघडलं. बघते तर सिंहमहाराज, कानापर्यंत शाल गुंडाळलेले, तापाने कुडकुडत.

"महाराज, यंत्र पुढच्या बाजूला आहे. चाकही दुरुस्त झालंय."

"ठाऊक आहे. त्याचं उद्घाटन मीच केलं," महाराज कुजबुजले. "ते प्रजेसाठी आहे. तू टोच. आणि हळू टोच हं."

त्यांनी डोळे मिटून पंजा पुढे केला.

साळूबाईने या वेळी पंजाला ऊब दिली नाही. पाठीवर हात फिरवून तिने एक काटा निवडला. चांगला जाड निवडला.

तात्पर्य : आजारी पडण्याआधी प्रत्येकाने नळीच्या मापाचं व्हावं. ते जमत नसेल, तर सिंह व्हावं.