बाबांच्या कानाचं औषध डिकीत

"आवाज वाढव जरा," बाबा म्हणाले.

गाडीतल्या टेपचा आवाज केव्हाच शेवटच्या आकड्याला टेकला होता. तरी त्यांच्या समाधानासाठी मुलाने बटण फिरवल्यासारखं केलं.

"हां, आता बरं," बाबा म्हणाले आणि मिनिटभराने विचारलं, "गाणं लावलंयस की बातम्या?"

बाबांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं होतं. त्या धडधडाटात त्यांचे कान कधी गेले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. मात्र कानाच्या मशीनचा विषय निघाला की तेवढं त्यांना नेमकं ऐकू येई. "अख्खा जन्म मशीनपाशी काढला, आता ते कानात घालून फिरू?" असं म्हणून ते तरातरा गॅलरीत निघून जात.

मुलाचं फोटोफ्रेमचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला फ्रेमवाला म्हणत. लाकडात सुताचा फरक त्याला खपत नसे. वडिलांना मापात बसवणं मात्र त्याला कधीच जमलं नव्हतं. शेवटी त्याने स्वतःच्या डोक्याने तोड काढली. बाबा कान बदलू देत नाहीत ना, मग गाडीचा घसा बदलू!

"कंपनीचा टेप आहे तिथेच राहील," कार डेकोरवाल्याने समजावलं. "त्याच्या स्पीकरच्या वायरीतून आवाज उचलायचा, डिकीतल्या ॲम्प्लिफायरमध्ये न्यायचा आणि तिथून दसपट करून परत दारांमधल्या स्पीकरला द्यायचा. ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून वेगळी वायर. तुम्ही बिनधास्त राहा."

काम संपल्यावर बाबांना पुढच्या सीटवर बसवून गाणं लावलं. बाबांनी मान एका बाजूला कलती केली. मग त्यांचे डोळे हळूहळू पाणावले.

"अरे, मागे सारंगी वाजतेय," ते म्हणाले. "बारा वर्षं हेच गाणं ऐकतोय. सारंगी आज पहिल्यांदा ऐकली."

फ्रेमवाला कृतकृत्य झाला. तेवढ्यात बाबांनी निकाल दिला, "म्हणजे कान ठणठणीत आहेत माझे. तुझा टेपच भिकार होता!"

गाडी सुरू केल्यावर खरी गंमत कळली. सीटबेल्ट लावा म्हणून गाडी जी नाजूक 'टिंग' करायची, ती आता 'ठण्ण' अशी करू लागली. इंडिकेटर दिला की लोहाराने ऐरणीवर घण घालावा तसा 'ठॉक, ठॉक' आवाज येई. फ्रेमवाल्याने हादरून कार डेकोरवाल्याला फोन लावला.

"साहेब, गाडीचे सगळे आवाज त्याच टेपमधून येतात," तो शांतपणे म्हणाला. "गाणं मोठं झालं, म्हणजे तेही मोठे होणार. डिकीतलं बटण पिळून सगळंच कमी करू का?"

"कमी नको!" शेजारून बाबा गरजले.

घरी फ्रेमवाल्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. ती ग्रंथालयात कामाला होती. रागावली तरी तिचा आवाज पान उलटल्याएवढाच व्हायचा. "आता तर ते मुळीच ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "बुधवारी अकराची वेळ घेतलीय मी कानाच्या डॉक्टरांची. गाणी ऐकत फेरफटका मारू म्हण आणि घेऊन जा."

बुधवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फेरफटक्याला निघाले. रस्ता नवीन, म्हणून फ्रेमवाल्याने फोन गाडीच्या टेपला जोडून नकाशा लावला. "पुढे उजवीकडे वळा!" नकाशातली बाई अशी कडाडली, की शेजारून चाललेला सायकलवाला मुकाट्याने उजवीकडे वळला आणि एका बंद फाटकापाशी जाऊन बावळटासारखा उभा राहिला. फ्रेमवाल्याने ओशाळून नकाशा बंद केला. पुढच्या वळणावर घणाचे घाव नकोत म्हणून इंडिकेटरही दिला नाही.

शिट्टी वाजली. हवालदार आडवा आला.

"इंडिकेटर कोण देणार? मी?"

"साहेब, आवाज होतो त्याचा."

"इंडिकेटरचा आवाज? मला शेंडी लावता काय? द्या बघू!"

फ्रेमवाल्याने दिला. पहिल्याच 'ठॉक'ला हवालदार दोन पावलं मागे उडाला. फुटपाथवरची माणसं थबकली, आणि त्याच क्षणी फोन वाजला. त्या घंटेने समोरच्या दुकानातल्या काचा थरथरल्या. घंटा थांबवायला फ्रेमवाल्याने घाईघाईत स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. दाबलं ते नेमकं फोन घेण्याचं.

"पोचलात का?" बायकोचा कुजबुजता आवाज चौकभर घुमला. "मी दवाखान्यात आलेय, डॉक्टर थांबलेत. बाबांना अजून सांगितलं नाहीस ना? दारापर्यंत नेईस्तोवर बोलू नकोस, नाहीतर ते गाडीतून उतरायचेच नाहीत."

"अगं, थांब, अगं..." फ्रेमवाला ओरडला. पण ॲम्प्लिफायरपुढे त्याचं काय चालणार? टेपचं बटण पिळलं, तर फोनच्या आवाजाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"आणि खरं सांगू का? परवा गोळी घेतलीत का म्हणून त्यांना चार वेळा विचारलं. चौथ्यांदा मी ओरडले, तर बाबा म्हणाले, चिडतेस कशाला? मी नव्हते रे चिडले. दिवसभर हळू बोलते, घरी येऊन ओरडायला घशात आवाजच उरत नाही. म्हणून हल्ली बोलणंच कमी केलंय. त्यांना वाटत असेल, सून तुसडी आहे. मला खूप बोलायचं असतं त्यांच्याशी."

एकदाचं फोन बंद करायचं बटण सापडलं. फ्रेमवाल्याची मान वर होईना. हवालदार स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

बाबांनी सावकाश काच खाली केली. "हवालदारसाहेब, इकडे कानाचा दवाखाना कुठे आहे?"

"पुढे डावीकडे, काका."

"चल रे," बाबा मुलाला म्हणाले. "तुझी बायको तिकडे ताटकळलीय."

फ्रेमवाल्याने इंडिकेटरकडे हात नेला, तसा हवालदार धावत पुढे आला. "तो नका देऊ! मी हात दाखवतो." आणि त्याने दोन्ही बाजूंची वाहनं थोपवून गाडीला वाट करून दिली.

तासाभराने बाबा दवाखान्यातून बाहेर आले ते कानामागे वालाएवढं मशीन लावूनच. गाडीत बसले, मुलाने किल्ली फिरवली, आणि 'ठण्ण' झाल्याबरोबर बाबा दार उघडून पुन्हा फुटपाथवर!

"हे काय भयंकर बसवलंयस गाडीत? काढ आधी!"

ते सुनेला घेऊन रिक्षाने घरी गेले. फ्रेमवाला एकटाच, कानांत कापसाचे बोळे घालून, कार डेकोरवाल्याकडे गेला आणि ॲम्प्लिफायर उतरवून आला.

संध्याकाळी तो दमून बाहेरच्या खोलीत बसला. स्वयंपाकघरात सासरे-सून बोलत होते. सून तिच्या नेहमीच्या आवाजात, आणि बाबाही आता तसेच, अगदी हळू. मधूनच तिचं हसू येई, मग बाबांचं. "लहानपणापासूनच तसा आहे तो," एवढंच एक वाक्य दाराबाहेर निसटलं.

"कोण, मी?" फ्रेमवाल्याने विचारलं. "काय म्हणताय माझ्याबद्दल?"

"काही नाही रे, आपलं असंच," बाबा म्हणाले. आणि आतले दोन्ही आवाज आणखी खाली गेले.

फ्रेमवाल्याने उठून पंखा बंद केला. पाय न वाजवता भिंतीपाशी गेला, भिंतीला कान लावला आणि श्वास रोखून कितीतरी वेळ उभा राहिला. आत दोघं पोट धरून हसत होती. पण कशाला, ते काही केल्या ऐकू येईना.