आवडली तरी बोलायचं नाही

"अजून वाकडं करा," आरशासमोर उभ्या असलेल्या नवऱ्याला बाई म्हणाल्या. "हे नुसतं ठसका लागल्यासारखं दिसतंय. गाडी मुळीच आवडली नाही, असं दिसलं पाहिजे."

"अगं, पण आवडली तर?"

"आवडली तर आणखी वाकडं करायचं! त्याचीच तर तालीम चाललीय सकाळपासून."

चूकमास्तरांनी पुन्हा एकदा तोंड वाकडं केलं. त्यांचं हे नाव छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलेलं. मास्तर तिथे मुद्रितं तपासायचे आणि चूक शोधण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ही सवय छापखान्याच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता आली असती तर बरं झालं असतं, पण मास्तर ती रोज घरी घेऊन यायचे. चहात साखर असली तर रंग नसायचा, रंग असला तर कप चुकीचा असायचा. मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादं पान अगदी निर्दोष हाती लागे, आणि मग मास्तरांचं काही खरं नसे. ते पान डोक्यावर धरून ते छापखानाभर फिरत, बांधणी खात्यापासून पार पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवत आणि दिवसभर दुसरं काम करत नसत.

बाईंना धास्ती होती ती याचीच. जुन्या गाड्या बघत दोघं महिनाभर हिंडत होते. पहिल्या गाडीचा एक दरवाजा बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच चकाकत होता. मास्तरांनी खिशातलं लोहचुंबक लावलं, तर ते घसरून खाली पडलं. पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. दुसरीच्या मीटरवर आकडा लहानसा होता, पण ब्रेकच्या पायरीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "मीटर खोटं बोलेल, रबर कसं बोलेल?" म्हणत मास्तरांनी तिला निकालात काढलं. तिसरीच्या गालिच्याखाली वाळलेला चिखल निघाला, म्हणजे गाडी कधीतरी पुरात पोहून आली होती. चौथी मात्र खरोखर चांगली होती. आणि मास्तरांनी तिथल्या तिथे विकणाऱ्याला मिठी मारून त्याचं अभिनंदन केलं. त्या माणसाने तत्काळ किंमत वाढवली आणि गाडी हातची गेली.

आता वेळही संपत आला होता. शहराबाहेरच्या दगडखाणीपलीकडे नवी शाळा निघाली होती आणि तिथल्या मुख्याध्यापिकेची जागा बाईंना देऊ केली होती. तिथवर बस जात नव्हती. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बाई इतकी वर्षं विज्ञान शिकवत आल्या होत्या, आणि आपली स्वतःची शाळा कशी चालवू याचे बेत त्यांनी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना कितीदा तरी केले होते. आज गाडी मिळाली तरच त्या हो म्हणू शकणार होत्या.

"शपथ घ्या," दाराला कुलूप लावताना त्या म्हणाल्या. "आवडली तरी बोलायचं नाही."

"एक अक्षर नाही," मास्तर म्हणाले.

गाडीचे मालक निवृत्त कंपाउंडर होते. ते फाटकाशीच वाट बघत उभे होते, आणि पाहुण्यांपेक्षा तेच जास्त अवघडलेले दिसत होते.

"या, या. ही बघा, आहे ही अशी." त्यांनी गाडीकडे न बघताच हात केला. "फार अपेक्षा ठेवू नका. आमचे जावई डबा म्हणतात हिला. आले की हसतात. म्हणतात, भंगारवालासुद्धा वरून पैसे मागेल. माझ्या गुडघ्यांना आता क्लच दाबवत नाही. घेऊन जा एकदाची, म्हणजे मी सुटलो."

बाईंचं अवसान गळालं. मास्तरांनी मात्र बाह्या सरसावल्या आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गार होतं. म्हणजे पाहुणे यायच्या आधी इंजिन तापवून ठेवायची लबाडी इथे नव्हती. त्यांनी ऑइलची पट्टी ओढून काढली. ऑइल स्वच्छ आणि बरोबर खुणेपर्यंत. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. जमिनीवर आडवे होऊन खाली डोकावले, तर कुठे थेंबाचासुद्धा डाग नाही. दरवाजांच्या फटी सगळीकडे सारख्या. चारही टायर एकसारखे झिजलेले. लोहचुंबक लावलं ते असं चिकटलं की सोडायला तयार होईना.

मास्तरांच्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. ते त्या गिळत होते आणि तोंड वाकडं करत होते. जितकी गाडी चांगली निघत होती, तितकं तोंड जास्त वाकडं होत होतं. डिकीतलं जादा चाक उचललं आणि खालचा पत्रा बघितला, तेव्हा तर त्यांचा एक डोळाच मिटला. गंज नावालाही नव्हता, आणि जॅक धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

"फारच वाईट आहे का हो?" कंपाउंडरकाकांनी हळूच विचारलं.

"ऊं," मास्तर म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.

"किंमत कमी करू का थोडी?"

बाईंनी नाइलाज असल्यासारखी मान डोलावली. मनातल्या मनात त्या उड्या मारत होत्या. नवऱ्याचा इतका अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नव्हता.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. मास्तरांनी पांढरा रुमाल मागच्या धुराच्या नळीसमोर धरला आणि काढून बघितला. रुमाल जसाच्या तसा पांढरा! त्यांच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. बाईंनी डोळे वटारले, तसा मास्तरांनी तोच रुमाल तोंडात कोंबला.

"यांना काही होतंय का?" काका घाबरले.

"दाढ," बाई घाईघाईने म्हणाल्या. "जुनी आहे. चला, एक चक्कर मारून येऊ."

बाई चालवायला बसल्या, मास्तर शेजारी आणि काका मागे. खड्ड्यातून गेले तरी कुठे खडखड नाही. सरळ रस्त्यावर बाईंनी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल केले, तरी गाडीने आपली वाट सोडली नाही. जोरात ब्रेक दाबला, तर जागच्या जागी शहाण्यासारखी थांबली. मास्तर दोन्ही हातांनी तोंड दाबून पुढे-मागे डोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे अरे अरे, भलताच ठणका लागलेला दिसतो," काका कळवळले.

घरी पोचल्याबरोबर काका दुखरे गुडघे विसरून आत धावले आणि लवंगेच्या तेलाची बाटली व कापसाचा बोळा घेऊन आले. आयुष्यभर लोकांना औषधं दिलेला माणूस तो. दुखणं समोर बसलेलं असताना तो व्यवहार कसला बोलतोय!

"राहू द्या हो काका," बाई मध्ये पडल्या. "होईल आपोआप बरी."

"दाढ आपोआप बरी होत नाही ताई. चला मास्तर, रुमाल काढा. काढा म्हणतो ना! हं. आता आ करा. मोठा आ."

मास्तरांनी बायकोकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं आणि मोठा आ केला.

"एकही चूक नाही!" त्या आ मधून गर्जना झाली. "काका, तुमच्या गाडीत एकही चूक नाही!"

बोळा काकांच्या हातातून पडला. बाईंनी कपाळाला हात लावला. पण आता बांध फुटला होता. मास्तरांनी काकांना दंडाला धरून गाडीभोवती फिरवलं. "हे ऑइल बघा! या फटी बघा, कुठे वेडीवाकडी दिसतेय का एक तरी? हा पत्रा मूळचा, हा रंग मूळचा! महिनाभर गाड्या बघतोय, कोणाची पुट्टी, कोणाचा चिखल. आणि ही बघा! अहो, कुठे ठेवलं होतंत हे रत्न? सांभाळलं कोणी हे?"

"मीच," काका पुटपुटले. "ऑइल वेळच्या वेळी बदलायचो. औषधाचा डोस चुकवू नये, तसं. पण जावई म्हणतात..."

"जावयाला काय कळतंय!"

काकांची पाठ ताठ झाली. "अगं, बाहेर ये!" ते घराकडे तोंड करून ओरडले. काकू ओले हात पुसत बाहेर आल्या. "मास्तर, पुन्हा सांगा. सगळं. त्या फटींपासून." मास्तरांनी फटींपासून सांगितलं. शेजारचे दोघंतिघं कुंपणाशी आले, म्हणून त्यांच्यासाठी आणखी एकदा सांगितलं, आणि दर खेपेला वर्णन रंगतच गेलं. मग काकांनी जावयाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"जावईबापू, इथे एक जाणकार आलेत. ऐका जरा."

मास्तरांनी फोनला लोहचुंबकाची गोष्ट सांगितली.

"बाबा," पलीकडून जावई म्हणाले, "मग ती विकू नका. रविवारी येऊन मीच घेऊन जातो."

"हातसुद्धा लावायचा नाही तिला!" काका गरजले आणि फोन बंद केला. त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंच्या हातातली किल्ली त्यांनी हलकेच काढून घेतली आणि मुठीत घट्ट धरली. "ताई, माफ करा. गाडी विकायची नाही मला."

कुंपणाशी टाळ्या पडल्या. मास्तरही टाळ्या वाजवत होते. बायकोकडे लक्ष गेल्यावर त्यांचे हात हवेतच थांबले.

बाई रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या गाडीकडे बघत होत्या. आपण काय करून बसलो ते मास्तरांना आता कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन वाजला.

"बाई, नव्या शाळेतून बोलतोय. काय ठरलं? समितीची मंडळी बसलीत इथे."

"एक मिनिट हं," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन छातीशी धरला, किल्ली धरलेली मूठ पाहिली, काकांचे गुडघे पाहिले, आणि अचानक त्यांचा आवाज वर्गात असतो तसा झाला.

"काका, तुम्ही ती विकणार नाही. जावयांना देणार नाही. मग चालवणार कोण?"

"उभी राहील. झाकून ठेवीन छान."

"अहो," बाई नवऱ्याकडे वळल्या, "गाडी नुसती उभी ठेवली तर काय होतं, सांगा बरं काकांना."

मास्तरांना बोलायची परवानगी मिळायचाच अवकाश होता. "सत्यानाश होतो! आधी बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून बसतात. ब्रेकला गंज चढतो. टाकीतलं पेट्रोल नासतं. आणि उंदीर! उंदीर वायरी कुरतडतात. असली निर्दोष गाडी वर्षभर उभी ठेवलीत, तर तुमचे जावई म्हणतात तेच खरं होईल."

दर वाक्याला काकांचा चेहरा उतरत गेला. उंदरांपाशी तर ते पायरीवरच बसले.

"म्हणून म्हणते," बाई म्हणाल्या, "रोज मी चालवीन. शाळेपर्यंत आणि परत. पेट्रोल माझं, हवा माझी, ऑइल वेळच्या वेळी माझं. गाडी तुमची, किल्ली तुमची. रोज संध्याकाळी याच जागेवर आणून लावीन."

काका विचारात पडले. काकूंना विचार करायची गरज नव्हती.

"जाऊ द्या हो तिला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसत जा शेजारी. दिवसभर माझ्या मागे मागे फिरता त्यापेक्षा बरं."

"शाळेत बसायला सावली आहे का?" काकांनी विचारलं.

"हवी तेवढी. आणि मुलं गुडघे फोडून घेतात रोज. पट्टी बांधायला कोणी नाही."

काकांनी मूठ उघडली. बाईंनी किल्ली घेतली आणि फोन कानाला लावला. "हो," त्या म्हणाल्या. "हो. येतेय मी."

मास्तरांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पुन्हा एक चक्कर मारायला म्हणून सगळे निघाले, तेव्हा काका ऐटीत पुढे बसले आणि मास्तर मागे. गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"ताई चालवतात मात्र सुरेख, नाही का मास्तर?" काका मागे वळून म्हणाले.

"सुरेखच," मास्तर मनापासून म्हणाले. "फक्त वळताना दिवा थोडा उशिरा लावते. आणि क्लचवर पाय उगाच ठेवते. आणि आत्ता तिसऱ्या गिअरला..."

गाडी कडेला घेऊन बाईंनी अलगद थांबवली.

"इथे का थांबलो?" काकांनी विचारलं.

"यांची बस इथून मिळते," बाई म्हणाल्या आणि मागचं दार उघडायची वाट बघत राहिल्या.

मास्तर उतरले. गाडी आवाज न करता निघाली आणि वळणावर दिवा अगदी वेळेवर लागला. मास्तर टाचा उंचावून बघत राहिले. मग थांब्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा दंड त्यांनी पकडला.

"बघितलीत ती गाडी?" ते म्हणाले. "आणि ती चालवणारी? एकही चूक नाही हो!"

हे त्यांनी बस येईपर्यंत त्याला आणखी दोनदा सांगितलं.